संगणकाच्या उतरंडीतले तळचे मडके

‘समाज कोसळणे’ हा शब्दप्रयोग कानावर पडला की महापूर, महायुद्ध किंवा महामारी डोळ्यांपुढे येते. अभ्यासक मात्र तो बऱ्याच कोरड्या अर्थाने वापरतात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ टेंटर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जी व्याख्या केली तिच्यानुसार कोसळणे म्हणजे समाजाने कमावलेली गुंतागुंत अल्पावधीत आणि मोठ्या प्रमाणावर गमावणे. श्रमविभागणी विरळ होते, दूरचे व्यापार तुटतात, एकाच कामात आयुष्य घालवणाऱ्या कारागिरांना पोसणारी व्यवस्था उरत नाही, आणि माणसे जिवंत असली तरी आज्याच्या हातून सहज होणारी कामे नातवाला जमेनाशी होतात. या कसोटीवर संगणक तपासला तर त्याची अवस्था फारशी आश्वासक दिसत नाही, कारण श्रमविभागणीवर इतकी विसंबलेली दुसरी वस्तू शोधून सापडायची नाही.

जुन्या स्वयंपाकघरांत मडक्यांची उतरंड असे: सर्वांत मोठे मडके तळाला, त्यावर त्याहून लहान, असे करत अगदी वर एखादे लोटके. संगणकाची घडणही अशीच थरांची आहे. सर्वांत वर वापरणाऱ्याला दिसणारे ॲप असते. ते कार्यप्रणालीवर, म्हणजे यंत्राची साधने निरनिराळ्या कामांना वाटून देणाऱ्या मूळ आज्ञावलीवर, उभे असते. कार्यप्रणाली कोणत्या तरी कंपायलरने, म्हणजे माणसाला वाचता येणारा मजकूर यंत्राच्या आकड्यांत उतरवणाऱ्या दुभाष्याने, घडवलेली असते. ते आकडे चिपवर चालतात. आणि चिप ज्या कारखान्यात बनते तो कारखाना आणखी शेकडो कारखान्यांवर टेकलेला असतो. रोजच्या व्यवहारात वरच्या एकदोन मडक्यांखाली कोणाला हात घालावा लागत नाही, म्हणून तळाच्या मडक्याची ओळख असलेली माणसे प्रत्येक पिढीत कमी होत चालली आहेत.

ते तळचे मडके किती दूरदूरच्या मातीचे आहे ते पाहण्यासारखे आहे. चिपसाठी लागणारे सिलिकॉन ९९.९९९९९९९ टक्के किंवा त्याहूनही शुद्ध असावे लागते. ते वितळवण्याच्या मुशींसाठी लागणारे अतिशुद्ध क्वार्ट्झ मुख्यतः अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या स्प्रूस पाइन या छोट्या गावाभोवतीच्या खाणींतून येते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पावसाने तिथले काम थांबले तेव्हा जगभरच्या चिप उद्योगाचे डोळे त्या गावाकडे लागले होते. सर्वांत बारीक नक्षीच्या चिपा ज्या यंत्राने कोरल्या जातात ते यंत्र नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. त्यात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५० हजार या वेगाने टाकून त्यांच्यावर लेझरचा मारा केला जातो, आणि त्यातून निघणारा अदृश्य प्रकाश जर्मनीतील झाइस कंपनीच्या आरशांवरून सिलिकॉनच्या चकतीवर नेला जातो. २०२० मध्ये आलेल्या ॲपलच्या एम-१ या चिपमध्ये असे १,६०० कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म खटके, होते. ही साखळी पाचदहा वर्षे तुटली तर ती पुन्हा जोडणारे हात कुठून आणायचे, हा प्रश्न भविष्यकथेतला वाटेल. पण यंत्रविद्या अशी मध्येच गडप झाल्याचे एक उदाहरण इतिहासात ठसठशीत उभे आहे.

ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या एका प्राचीन जहाजातून १९०१ मध्ये वर काढलेल्या वस्तूंमध्ये हिरवट गंज चढलेला कांस्याचा एक गोळा होता. क्ष-किरणांनी तपासल्यावर त्याच्या ८२ तुकड्यांत किमान ३० दातेरी चाके असल्याचे स्पष्ट झाले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातले हे यंत्र बाजूची मूठ फिरवली की सूर्यचंद्रांची स्थाने आणि ग्रहणांची शक्यता दाखवत असे. त्यातले २२३ दात्यांचे एक चाक तर २२३ चांद्रमासांनी फिरून येणाऱ्या ग्रहणचक्रासाठीच घडवलेले आहे, आणि चंद्र कधी जलद तर कधी मंद चालतो हा फरकही खाचेत सरकणाऱ्या एका खुंटीने साधला आहे. इतकी गुंतागुंतीची दातेरी रचना त्यानंतर युरोपात चौदाव्या शतकातील खगोलीय घड्याळांपर्यंत आढळत नाही. मधल्या काळात विद्या अगदीच मेली नव्हती. बायझंटाइन काळातले मोजक्या चाकांचे एक पंचांगयंत्र उपलब्ध आहे, आणि इसवी सन १००० च्या सुमारास अल्-बिरुनीने तशाच एका यंत्राचे वर्णन लिहून ठेवले आहे. पण तीस चाकांवरून मोजक्या चाकांवर येणे म्हणजे कादंबरी विसरून बाराखडी आठवणे होय.

या यंत्राबाबत एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. ते टिकले ते बुडाले म्हणून. जमिनीवर जी भावंडे असतील ती कांस्याच्या भावाने वितळवली गेली, कारण चालवणारा माणूस गेल्यावर यंत्राची किंमत धातूच्या वजनाइतकीच उरते. आजच्या चिपांचे वेगळे काही होत नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक भंगारातून तांबे आणि सोने काढले जाते, आणि जुन्या, साध्या, पुन्हा वापरता येण्याजोग्या सिरॅमिकच्या चिपांवर सोन्याचा मुलामा अधिक असल्यामुळे नेमक्या त्याच आधी आम्लात जातात.

या सगळ्या शक्यता गृहीत धरून काम करणारा एक प्रकल्प कॅनडातील व्हर्जिल दुप्रा या प्रोग्रॅमरने २०१९ मध्ये जाहीर केला. त्याचे नाव कोलॅप्स ओएस, म्हणजे कोसळल्यानंतरची कार्यप्रणाली. नवे संगणक बनणे बंद झाले आणि असलेले एकेक करून मेले, तर भंगारातून वेचलेल्या भागांनी जोडलेल्या यंत्रावर चालू शकेल, त्या यंत्रावर मजकूर लिहिता येईल, दुसऱ्या चिपांसाठी आज्ञावली तयार करता येईल आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वतःची नवी प्रत स्वतःच घडवता येईल, अशी ही प्रणाली आहे. दुप्रा यांचे भाकीत खरे ठरेल की नाही यावर वाद घालण्यात फारसे हशील नाही. अन्नपाण्याची भ्रांत असताना संगणक कोणाला हवा, ही शंका मात्र रास्त आहे, आणि तिचे उत्तर संगणक या शब्दाने डोळ्यांपुढे येणाऱ्या पडदा-कळफलकाच्या पलीकडे आहे. पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, सौर पॅनेलचा चार्जर, बिनतारी संच, अशा कितीतरी वस्तूंच्या पोटात आज मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावणारा छोटा संगणक, बसवलेला असतो. त्याला नवे काम शिकवायचे तर आज्ञावली लिहून त्याच्यात उतरवणारा दुसरा संगणक लागतो, आणि तो दुसरा संगणक कितीही मंद असला तरी चालतो.

या प्रणालीने पहिले घर म्हणून निवडला तो झेड-८० हा प्रक्रियक, म्हणजे संगणकाची आकडेमोड करणारी मुख्य चिप. इंटेल सोडून झायलॉग ही कंपनी काढणाऱ्या फेदेरिको फाजिन यांनी तो १९७६ मध्ये बाजारात आणला. त्यात सुमारे ८,५०० ट्रान्झिस्टर आहेत. एम-१ शी तुलना केली तर हे प्रमाण सुमारे १९ लाखांस एक पडते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धातले घरगुती संगणक, व्हिडिओ गेम, दुकानातली बिलांची यंत्रे, विद्यार्थ्यांचे आलेख काढणारे कॅल्क्युलेटर, अशा असंख्य वस्तूंत तो बसवला गेल्यामुळे भंगारात तो सापडण्याची शक्यता मोठी आहे. त्याला ४० पाय आहेत आणि दोन पायांमधले अंतर अडीच मिलिमीटरच्या थोडे वर आहे, त्यामुळे भिंगाशिवाय आणि हातात थोडा कंप असला तरी साध्या सोल्डरिंग आयर्नने तो जोडता येतो. आजच्या फोनमधली चिप याउलट पोटाखालच्या शेकडो बारीक मण्यांवर बसलेली असते.

प्रणालीची भाषाही अशीच विचारपूर्वक निवडली गेली. पहिली आवृत्ती थेट झेड-८० च्या यंत्रभाषेच्या जवळ जाणाऱ्या असेंब्लीत होती. पुढे दुप्रा यांनी ती मोडून फोर्थ या भाषेत नव्याने लिहिली. फोर्थ ही चार्ल्स मूर या अमेरिकी अभियंत्याने घडवलेली भाषा, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ॲरिझोनातील किट पीक येथील रेडिओ दुर्बीण तिच्यावर चालवली जात असे. २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या फिले या यानातले प्रक्रियकही फोर्थ डोळ्यांपुढे ठेवूनच रचलेले होते. तिची जात समजायला एक चवड पुरते. भाकऱ्यांच्या चवडीत शेवटची ठेवलेली भाकरी पहिली उचलली जाते, तसे फोर्थमध्ये आकडे एकावर एक ठेवले जातात आणि वरून उचलले जातात. ‘२ ३ +’ असे लिहिले की यंत्र आधी २ ठेवते, त्यावर ३ ठेवते, मग अधिक चिन्ह दिसताच वरचे दोन उचलून त्यांची बेरीज, ५, चवडीवर परत ठेवते. नवा शब्द शिकवायचा तर ‘: वर्ग डुप * ;’ एवढेच लिहायचे. इथे ‘डुप’ हा शब्द वरच्या आकड्याची दुसरी प्रत ठेवतो, तारा दोघांचा गुणाकार करतो, आणि अपूर्णविराम ते अर्धविराम यांच्यामधली ही कृती ‘वर्ग’ या नावाने यंत्राच्या कोशात कायमची जाते. यापुढे ‘७ वर्ग .’ असे म्हटले की ४९ छापले जाते, कारण टिंबाचा अर्थ वरचा आकडा दाखव असा आहे. प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत लिहिले जातात, पण यंत्राच्या दृष्टीने नाव म्हणजे दोन रिकाम्या जागांमधली चिन्हे, बाकी काही नाही.

या साधेपणाचा फायदा असा की भाषा, कंपायलर, संपादक आणि कार्यप्रणाली ही चार वेगळी मडकी राहत नाहीत. सगळे एकाच कोशातले शब्द असतात आणि ते सगळे काही किलोबाइटांत मावते. साठवणही फाइलींच्या गुंतागुंतीशिवाय होते: ६४ अक्षरांच्या १६ ओळी म्हणजे १,०२४ अक्षरांचा एक ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉकला वहीच्या पानासारखा क्रमांक. तोटेही उघड आहेत. आकडेमोड चुकली तर रागावणारे कोणी नसते, यंत्र निमूटपणे चुकीच्या वाटेने जाते, आणि दुसऱ्याने लिहिलेला फोर्थ वाचणे हे अनेकदा दुसऱ्याच्या औषधाच्या चिठ्ठ्या वाचण्याइतके कठीण असते. तरीही एका माणसाला सहा महिन्यांच्या सायंकाळी बसून तळापासून माथ्यापर्यंत समजू शकेल असा हा संगणक आहे, आणि आजच्या कोणत्याही फोनबद्दल हे म्हणता येत नाही. दुप्रा यांनी पुढे आधुनिक यंत्रे अजून चालू असतील अशा मधल्या काळासाठी डस्क ओएस नावाची दुसरी, थोडी ऐसपैस प्रणालीही लिहिली.

आज्ञावल्या नुसत्या साठवून ठेवण्याचा मार्ग वेगळा आणि बराच अधिक खर्चिक आहे. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत, कायम गोठलेल्या भूमीखाली २०१७ पासून आर्क्टिक वर्ल्ड आर्काइव्ह हे कोठार आहे. गिटहब या कंपनीने २ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्याकडील जगभरच्या खुल्या आज्ञावल्यांची प्रत काढली, २१ टेराबाइटांचा तो ऐवज १८६ फिल्मच्या रिळांवर उतरवला, आणि ८ जुलै २०२० रोजी तो तिथे ठेवण्यात आला. चुंबकीय तबकडी किंवा पेन ड्राइव्हऐवजी फिल्म निवडण्यामागे अनुभव आहे. पेन ड्राइव्हमध्ये माहिती म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युत्भार असतो आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू झिरपतो. लिहिता येणाऱ्या सीडीतला रंग फिका पडतो. तबकडी फिरवणारी मोटर अडकते. आणि मदरबोर्डवरचे कंडेन्सर फुगून गळतात, हे तर कोणताही टीव्ही दुरुस्त करणारा सांगू शकतो. चांदीच्या क्षारांची फिल्म थंडीत शेकडो वर्षे टिकावी अशी अपेक्षा आहे, आणि ती वाचायला मुळात प्रकाश आणि भिंग पुरते. तिथल्या रिळांमध्ये माणसाला थेट वाचता येणारी एक मार्गदर्शिकाही आहे, आणि ती ज्या पाच भाषांत आहे त्यांत हिंदीचा समावेश आहे.

मात्र कोठारातली आज्ञावली म्हणजे पाककृतीचे पुस्तक आहे. चूल, तवा आणि हात तिथे नाहीत. फिल्मवरच्या ठिपक्यांतून मजकूर काढला तरी तो यंत्राच्या आकड्यांत उतरवायला कंपायलर हवा, आणि आजचे बहुतेक कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेले असतात, म्हणजे कंपायलर बनवायला आधीचा कंपायलर हवा, त्याच्यासाठी त्याच्या आधीचा. विरजण लावायला दही लागते आणि दही लागायला विरजण, अशातला हा प्रकार आहे, आणि गावातल्या सगळ्या घरांचे दही एकाच दिवशी संपले तर काय, याचा विचार सहसा कोणी करत नाही. युनिक्स प्रणालीचे एक कर्ते केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये या साखळीचा दुसरा धोका दाखवला होता: आधीच्या कंपायलरात कोणी खोट घातली असेल तर ती पुढच्या प्रत्येक कंपायलरात उतरते आणि मजकूर कितीही बारकाईने वाचला तरी सापडत नाही. या धास्तीपोटी काही मंडळींनी साखळीच्या अगदी मुळाशी जाण्याचा ध्यास घेतला. २०२३ मध्ये गिक्स या प्रकल्पाने अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून, म्हणजे या परिच्छेदापेक्षाही कितीतरी लहान अशा आज्ञावलीपासून, पायरीपायरीने आधुनिक कंपायलरपर्यंत पोहोचून दाखवले. ते बीज कागदावर लिहून ठेवता येते, हातांनी तपासता येते आणि गरज पडली तर बटणे दाबून यंत्रात भरताही येते. स्वालबारच्या २१ टेराबाइटांइतकेच हे ३५७ बाइटही जपण्याजोगे आहेत, आणि त्यांच्यासाठी गोठलेल्या खाणीची गरज नाही.

मजकूर शाबूत आणि वाचणारे नाहीत, ही अवस्था मराठी वाचकाला परकी नसावी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद आहेत तिथे आहेत, शाई फारशी उडालेली नाही; पण मोडी सरसकट वाचणारी पिढी गेल्यामुळे ते कागद आज मोजक्या जाणकारांच्या भरवशावर आहेत. संगणकावरच्या मराठीवर तर हाच प्रसंग तीसेक वर्षांत आला. देवनागरीसाठी आयएससीआयआय हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये ठरले होते, तरी युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देण्याची, पद्धत रूढ होईपर्यंत छपाईचे बहुतेक काम निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या फाँटांवर चालले, आणि प्रत्येक फाँटाने देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर आपल्या सोयीने बसवले होते. परिणामी त्या काळात अक्षरजुळणी केलेल्या पुस्तकाची फाइल आज उघडली की पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा काला दिसतो. माहितीचा एकही कण हरवलेला नसतो; फक्त कोणत्या आकड्याला कोणता काना आणि कोणत्या आकड्याला रफार, याची ज्याच्यापाशी जंत्री होती तो फाँट आता सापडत नाही, आणि प्रकाशकाला पुस्तक पुन्हा टाइप करून घेणे स्वस्त पडते.

जंत्री जाळली गेली तर काय होते याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडण्यासाठी टॉमी फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेले कोलॉसस हे यंत्र १९४४ च्या आरंभी ब्लेचली पार्क येथे चालू झाले. युद्ध संपल्यावर गुप्ततेपोटी बहुतेक यंत्रे मोडली गेली आणि पुढे नकाशेही जाळण्यात आले. १९९३ मध्ये टोनी सेल यांनी एक कोलॉसस पुन्हा उभे करायचे ठरवले तेव्हा हाताशी होती आठ छायाचित्रे, काही अभियंत्यांनी नियम मोडून ठेवून घेतलेले आराखड्यांचे तुकडे, आणि तोवर हयात असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. काम पूर्ण व्हायला २००७ उजाडले. आणखी वीस वर्षे उशीर झाला असता तर आठवणी सांगणारे कोणी उरले नसते, आणि ज्यांनी आज्ञा मोडून चिटोरे जपले त्यांचे उपकार मानावे लागतात ही गोष्ट दफ्तर सांभाळणाऱ्यांनी मनावर घेण्यासारखी आहे.

तुटवड्यात संगणकविद्या मरते असेच काही नाही; कधी ती तुटवड्यातच पसरते. १९८० च्या दशकात युगोस्लाव्हियात परदेशी संगणक आणण्यावर कडक निर्बंध होते आणि सामान्य पगारदाराला तो परवडणेही शक्य नव्हते. १९८३ मध्ये वोया अंतोनिच या अभियंत्याने झेड-८० वर चालणारा गालाक्सिया नावाचा संगणक रचला. पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी लागणारी महागडी चिप मिळत नव्हती, म्हणून ते काम त्याने प्रक्रियकाकडूनच करवून घेतले, आणि सगळी मूळ आज्ञावली ४ किलोबाइटांत बसवली. जागा इतकी कमी की चूक झाल्यावर यंत्र तीनच उत्तरे देई: ‘काय?’, ‘कसे?’ आणि ‘माफ करा’. आराखडा एका मासिकाच्या संगणक विशेषांकात छापला गेला. मोजके हौशी वाचक तो करून पाहतील असा अंदाज असताना हजारोंनी सुटे भाग मागवले आणि घरी बसून जोडले. आज्ञावल्या वाटायला तबकड्या नव्हत्या, तेव्हा बेलग्रेड नभोवाणीवरच्या ‘व्हेंटिलेटर २०२’ या कार्यक्रमात त्या किर्र आवाजाच्या रूपात प्रसारित होत, आणि श्रोते त्या कॅसेटवर टेप करून संगणकाला ऐकवत. बाजारात तयार यंत्र मिळत असते तर इतक्या लोकांना प्रक्रियकाचा कोणता पाय कुठे जातो हे कळण्याचे कारण नव्हते.

भारताच्या वाट्याला याचे थोडे सौम्य रूप आले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली विदेशी भांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणण्याची अट मान्य नसल्यामुळे आयबीएमने १९७८ मध्ये देशातला कारभार गुंडाळला. तिची बरीच यंत्रे १४०१ या जातीची, अन्य देशांत निवृत्त झालेली आणि इथे डागडुजी करून भाड्याने दिलेली होती. आता त्यांचा जन्मदाताही गेला. ती चालू ठेवण्याचे काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या सरकारी कंपनीकडे आले. दुसऱ्याने केलेली यंत्रे सुट्या भागांच्या टंचाईत चालवता चालवता जी माणसे तयार झाली, त्यांच्याच कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास रेल्वे आरक्षणाची संगणकप्रणाली उभी केली. देखभाल हे दुय्यम काम मानण्याची आपल्याकडची सवय या इतिहासाशी जुळत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या गाळ्यांत आजही बोर्डावरचा ट्रॅक, म्हणजे वीज वाहणारी बारीक पट्टी, तुटला की तारेचा जंपर मारणारे, मेलेल्या फोनमधली चिप गरम हवेने उचलून तिच्या पोटाखालचे मणी नव्याने बसवणारे कारागीर आहेत. पण त्यांची विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, आणि कंपन्या आराखडे देत नसल्यामुळे ती एकाकडून दुसऱ्याकडे, बहुधा काकाकडून पुतण्याकडे, तोंडी जाते.

कोलॅप्स ओएसच्या पायाखालची जमीनही आता मर्यादित झाली आहे. झायलॉगने २०२४ च्या एप्रिलमध्ये मूळ झेड-८० चे उत्पादन थांबवत असल्याचे कळवले आणि शेवटच्या मागणीसाठी १४ जून ही तारीख दिली. म्हणजे जवळपास ४८ वर्षे चाललेली ही चिप यापुढे जेवढी आहे तेवढीच. एखाद्या हौशी तरुणाने घरच्या गॅरेजमध्ये चिप करून पाहिल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत सॅम झेलूफ यांनी २०२१ मध्ये १,२०० ट्रान्झिस्टरांची चिप अशी बनवली, पण सिलिकॉनच्या चकत्या आणि रसायने त्यांनाही विकतच आणावी लागली. तेव्हा भंगारातून निघालेला झेड-८० जिवंत आहे की मेलेला, हे ओळखण्याची रीत माहीत असणे हीच मोठी कमाई ठरते, आणि ती रीत सोपी आहे. चिपचे माहिती वाचणारे आठही पाय एकेका रोधकातून शून्य व्होल्टला बांधायचे, म्हणजे ती जिथून वाचेल तिथे तिला शून्यच दिसते. आणि झेड-८० च्या भाषेत शून्य म्हणजे ‘काही करू नको, पुढे चल’. मग पत्त्याच्या, म्हणजे कोणत्या जागेवरून वाचायचे ते सांगणाऱ्या, सोळा पायांवर बारीक दिवे लावायचे आणि ५५५ या टायमरच्या चिपने संथ ठोके द्यायचे. चिप शाबूत असेल तर ती एकेक पत्ता ओलांडत निघते आणि वरच्या पायांवरचे दिवे दोनाच्या पटीतली मोजणी करत आलटून पालटून लुकलुकू लागतात. मात्र त्याआधी रीसेटचा पाय निदान तीन ठोके खाली धरून सोडावा लागतो, आणि थांब, खंड, तातडीचा खंड व बसची, म्हणजे सामायिक तारांची, मागणी या अर्थांचे चार पाय पाच व्होल्टला बांधावे लागतात. ते मोकळे राहिले तर आसपासच्या कुठल्याही विजेने चिपला कोणी हाक मारतो आहे असे वाटत राहते, ती जागच्या जागी खोळंबते, एकही दिवा पेटत नाही, आणि अगदी धडधाकट झेड-८० सोन्याच्या भावाने पुन्हा भंगारात जातो.